बंद बरणीतली वाफ

आमच्या घरात थिनरला उंबरठा ओलांडायची परवानगी नाही. दाराला ऑइलपेंट द्यायचा झाला, तर आमचे थोरले बंधू गावी गेल्यावर देतो आणि वास पुरता जाईपर्यंत तिकडेच राहा, असा निरोप पाठवतो. आम्ही त्यांना दादा म्हणतो. १९८८ ते २०११ अशी तेवीस वर्षे दादांनी एका कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये स्प्रे गन चालवली. पत्र्याची शेड, दोन खिडक्या आणि नाकाला बांधलेला रुमाल, एवढाच बंदोबस्त. आज त्यांच्या हातांना कंप आहे. चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो. सकाळी सांगितलेले संध्याकाळी आठवत नाही. जुने मात्र सगळे आठवते. वर्षानुवर्षे थिनरची वाफ नाकात गेल्याने असे होऊ शकते, हे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा कारखाना बंद होऊन गेला होता. तो कागद आम्ही कपाटात जपून ठेवला आहे. न्यायचा कोणाकडे, हा प्रश्न तसाच आहे.

अशा घरात २०२२ च्या डिसेंबरातल्या एका रविवारी आमची पुतणी, म्हणजे दादांचीच मुलगी, हॉस्टेलवरून आली. ती पीएच. डी. करते. पिशवी खाली ठेवून ती पाणी प्यायला बसली आणि कॉटवर पडलेले दादा एकदम उठून बसले.

"हा वास कुठला?"

"टोल्यूइनचा असेल, पप्पा. लॅबमध्ये वापरतो आम्ही."

"टोल्यूइन म्हणजे थिनरच की! एवढं शिकलीस ती थिनर हुंगायला?"

पोरीच्या डोळ्यांत पाणी आले. वहिनी आत गेल्या. आम्ही मध्ये पडून म्हणालो, आधी ती नेमके काय करते ते तरी ऐकून घेऊ. वाचकहो, खरे सांगायचे तर चार वर्षांत आम्ही कोणीच तिला ते विचारले नव्हते. "पोरगी रिसर्च करते" असे वस्तीत छाती फुगवून सांगत होतो, एवढेच.

आम्ही बी. कॉम., कार्यालयात कारकून. सायन्सशी आमचा संबंध दहावीला संपला. तेव्हा तिने आम्हाला जसे सांगितले आणि आमच्या डोक्यात जसे उतरले, तसे येथे लिहितो.

तिने सुरुवात दाराजवळच्या आमच्या बुटांपासून केली. बाजारात ज्याला टीपीआर सोल म्हणतात, तो बहुधा ब्लॉक कोपॉलिमर नावाच्या पदार्थाचा असतो. पॉलिमर म्हणजे लहान कणांची लांबच लांब साखळी. पॉलिस्टायरीन नावाची एक साखळी आपण रोज पाहतो. सजावटीचा थर्माकोल तिचाच. दुसरी साखळी रबराची. या दोन तऱ्हेच्या साखळ्या टोकाला टोक जोडून एकच लांब साखळी केली, की झाला ब्लॉक कोपॉलिमर. शेल कंपनीने १९६५ च्या सुमारास क्रेटॉन या नावाने असा माल बाजारात आणला.

गंमत पुढेच आहे. या दोन साखळ्यांचे एकमेकींशी पटत नाही. तेल आणि पाणी एका बाटलीत घातले तर थोड्या वेळात दोघे वेगळे होतात, तसे यांनाही वेगळे व्हायचे असते. पण टोकाला गाठ पक्की! नांदायचे नाही आणि सोडचिठ्ठीही नाही. मग त्या दूर जाऊन जाऊन किती जाणार? स्वतःच्या लांबीएवढ्याच. म्हणून त्यांची बारीक बारीक बिऱ्हाडे पडतात. कधी ठिपके, कधी नळ्या, कधी पट्टे. कोणाचा हिस्सा किती, यावर नक्षी ठरते. या बिऱ्हाडांची रुंदी साधारण १० ते १०० नॅनोमीटर. एका मिलिमीटरात दहा लाख नॅनोमीटर असतात, तेव्हा हे डोळ्यांना दिसण्याचे कामच नाही.

"एवढं बारीक करून उपयोग काय?" वहिनींनी आतून विचारले.

उपयोग असा. कॉम्प्युटरच्या चिपवर बारीक नक्षी काढायला अवाढव्य किमतीची यंत्रे लागतात. हा पदार्थ स्वतःच नक्षी काढतो. ती छाप्यासारखी वापरता येते किंवा बारीक छिद्रांची गाळणी करता येते. २००९ साली 'सायन्स' या नियतकालिकात थॉमस रसेल आणि टिंग शू यांच्या अमेरिकेतल्या गटांनी असे ठिपके दाखवले, एका चौरस इंचात दहा टेराबिट, म्हणजे दहा लाख कोटी! आम्ही कागदावर शून्ये मांडून पाहिली. एकावर तेरा शून्ये. त्या ठिपक्यांवर माहिती लिहिणे आणि वाचणे हे आणखी वेगळे काम. पण ठिपके ओळीने बसले, हे खरे.

अडचण त्या 'ओळीने' या शब्दात आहे. हा पदार्थ द्रावकात विरघळवून त्याचा थेंब सिलिकॉनच्या गुळगुळीत चकतीवर टाकतात आणि चकती भिंगरीसारखी गरगर फिरवतात. काही सेकंदांत द्रावक उडून जातो आणि थर उरतो, केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याएवढा. पण द्रावक इतक्या झटक्यात उडतो, की साखळ्यांना आपापल्या जागी जायला सवड मिळत नाही. सकाळची लोकल आठवा. गच्च भरलेल्या डब्यात जो जिथे अडकला तो तिथेच. दादरला उतरणारा खिडकीशी आणि शेवटच्या स्टेशनाचा दारात. सगळ्यांना आपली जागा माहीत असते, पण हलायला जागा हवी ना!

ती हलायची मुभा देण्याला त्यांच्या शास्त्रात अनिलिंग म्हणतात. हा शब्द ऐकताच इतका वेळ गप्प बसलेले दादा बोलले.

"अनिलिंग मला सांगू नको. आमच्या शेजारी वायर ड्रॉइंग होतं. तार ओढून ओढून कडक झाली, की भट्टीत घालायची. नरम पडली की पुन्हा ओढायची. ते अनिलिंग."

"तेच, पप्पा! फक्त आमच्यात भट्टी नाही."

पॉलिमरलाही तापवून नरम करता येते. पॉलिस्टायरीन १०० अंश सेल्सिअसच्या आसपास सैल पडते. पण काही जोड्या अशा, की त्या हलाव्यात म्हणून तापवावे तर किती तास जातील सांगता येत नाही आणि फार तापवावे तर साखळीच तुटते. मग उष्णतेऐवजी वाफ वापरतात. बंद बरणीत लहान वाटीभर द्रावक ठेवायचा, शेजारी थर दिलेली चकती ठेवायची, झाकण लावायचे. द्रावकाची वाफ हळूहळू थरात शिरते, थर फुगतो आणि साखळ्या साध्या खोलीच्या तापमानाला सैल होतात. डब्यातली गर्दी थोडी कमी झाली, की माणसे न सांगता आपापल्या जागी सरकतात, तसे. काही मिनिटांपासून काही तासांपर्यंत हे चालते. मग झाकण काढायचे. वाफ निघून गेली, की नक्षी जिथल्या तिथे गोठते.

वाफ किती, हेच खरे कसब. कमी पडली तर काही हलत नाही. जास्त झाली तर दोन्ही साखळ्या एकमेकींत मिसळून नक्षी पुसली जाते, किंवा थर फाटून तेलकट तव्यावरच्या पाण्यासारखे त्याचे थेंब होतात. थर किती फुगला, हे प्रकाश टाकून मोजतात. डोळ्यांनाही अंदाज येतो. पावसात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलवर रंग दिसतात तसे थराचे रंग असतात आणि फुगताना ते बदलत जातात. शेवटी झाकण काढणेही जपून. थर वरून खाली वाळत जातो, त्यामुळे आतल्या नळ्या आडव्या न पडता उभ्या राहू शकतात. २००४ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात, ॲम्हर्स्ट येथे, रसेल यांच्याच गटाने हे छान दाखवले होते. त्यांनी बेन्झिनची वाफ वापरली होती. बेन्झिनने रक्ताचा कर्करोग होतो, म्हणून आमची पुतणी ते वापरत नाही, टोल्यूइन वापरते. तेही निरुपद्रवी नाहीच, हे आमच्या घराला कोणी शिकवायला नको.

इतके सगळे सांगून झाल्यावर पोरीने खरी गोष्ट सांगितली. तिचे काम अडले होते. तिच्या साखळीचा एक हिस्सा पॉलिस्टायरीनचा आणि दुसरा पॉलिइथिलीन ऑक्साइडचा. हा दुसरा मलमांत आणि औषधांच्या गोळ्यांतही वापरतात. त्याला पाण्याची आवड. त्या वर्षीच्या पावसाळ्यात तिचे नमुने सुंदर आले होते. मधमाश्यांच्या पोळ्यासारखे ठिपके, ओळीच्या ओळी. दिवाळीनंतर एकही आला नाही. तीच बरणी, तेच टोल्यूइन, तोच वेळ. मार्गदर्शक म्हणाले, जे पुन्हा करून दाखवता येत नाही ते प्रबंधात लिहिता येत नाही. शिष्यवृत्तीचे सहा महिने उरले होते. "काका, लोकांना वाटायला लागलंय की पहिले फोटोच खोटे असतील," एवढे बोलून ती थांबली.

सायन्स आम्हाला कळत नाही. पण नोंदवही कळते. पंचवीस वर्षे दुसरे काय केले? आम्ही तिला म्हणालो, तुझे रजिस्टर दाखव. वहीत चांगल्या नमुन्यांची नोंद ठळक अक्षरांत होती. फसलेले नमुने सुट्या चिठोऱ्यांवर, तारखेशिवाय. आम्हाला राहवले नाही. "अगं, जमा तेवढी लिहिलीस आणि खर्च कुठे? अशाने ताळेबंद कसा जुळायचा?"

त्या रात्री जेवण आटोपल्यावर आम्ही दोघे जमिनीवर बसलो. चिठोऱ्या, मोबाइलमधले फोटो, तिची आठवण, सगळे जमवून मोठ्या कागदावर रकाने पाडले. तारीख, वेळ, टोल्यूइन किती, बरणी कोणती, झाकण किती वेळाने काढले, निकाल काय. एकूण ६४ नोंदी निघाल्या. त्यांत चांगल्या ११. लाल पेनने त्यांच्यावर खुणा केल्या, तेव्हा अकराच्या अकरा जुलै ते सप्टेंबरमध्ये पडल्या.

दादा कॉटवरून पाहत होते. म्हणाले, "पावसाचे दिवस."

मग त्यांनी आम्हाला त्यांच्या धंद्यातली एक गोष्ट सांगितली. पावसाळ्यात स्प्रे मारला, की पेंटवर पांढरी झाक येते. थिनर भराभर उडतो, त्याने पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतले पाणी त्यावर बसते. म्हणून जुने पेंटर पावसात सावकाश उडणारा थिनर मिसळतात. "थिनरचं काम असलं की हवेतलं पाणी बघायचं. आधी ते बघायचं."

"पण पप्पा, तुमचा पेंट पावसात बिघडायचा. माझा पावसातच चांगला येतो."

असे म्हणाली आणि स्वतःच गप्प झाली. मग तिला आठवले, की पावसाळाभर त्या खोलीचा एसी बंद होता. दिवाळीच्या सुमारास तो दुरुस्त झाला. एसी हवा कोरडी करतो. टोल्यूइनची वाफ पॉलिस्टायरीनच्या हिश्श्याला चांगली सैल करत होती, पण पाण्याची आवड असलेला दुसरा हिस्सा कोरड्या हवेत आखडलेलाच राहत होता. पावसाळ्यात त्याला हवेतले पाणी फुकट मिळत होते. गाठ बांधलेल्या दोघांपैकी एकालाच मोकळीक दिली तर घर बसत नाही. दोघेही सैल व्हावे लागतात.

दुसऱ्या दिवशी तिने ग्रंथालयात शोधले, तर हा विषय २००७ सालीच हाताळलेला निघाला. क्रेग हॉकर, एडवर्ड क्रेमर वगैरे शास्त्रज्ञांनी पॉलिइथिलीन ऑक्साइड असलेल्या थरांवर हवेतल्या आर्द्रतेचा परिणाम काय होतो, यावर 'मॅक्रोमोलेक्यूल्स' या नियतकालिकात लेखच लिहिला होता. म्हणजे आम्ही काही नवा शोध लावला नाही. पण आपल्या बरणीत काय बिघडले, हे कोणाच्या लेखात आयते लिहिलेले नसते. ते आपल्याच वहीत सापडावे लागते.

पुढे तिने झाकणाची बरणी सोडली. नायट्रोजन वायूच्या दोन नळ्या घेतल्या. एक टोल्यूइनच्या बाटलीतून बुडबुडे काढीत जाते, दुसरी पाण्याच्या. दोन्हींचे प्रमाण चाव्यांनी ठरवायचे, आत आर्द्रता मोजायचे यंत्र ठेवायचे. प्रत्येक वेळी वहीत सारे रकाने भरायचे, फसले तरी आणि जमले तरी. २०२३ च्या मार्चमध्ये एसी चालू असलेल्या त्याच खोलीत ठिपके पुन्हा ओळीने आले. एकदा नव्हे, सलग पाच वेळा.

एवढ्यावर लेख संपवता आला असता. पण दादांचा प्रश्न राहिलाच होता.

एप्रिलमध्ये पोरीने मार्गदर्शकांची परवानगी काढली आणि पप्पांना लॅब दाखवायला नेले. सोबत आम्ही होतो. दारातच वास आला नाही, याचे दादांना नवल वाटले. आत काचेचे मोठे कपाट होते, समोर वर-खाली सरकणारी काच. टोल्यूइनची बाटली, नळ्या, चकत्या, सगळे त्या कपाटात. वर पंखा, तो आतली हवा ओढून छपराबाहेर सोडतो. पोरीने कागदाची एक पट्टी काचेखाली धरली. पट्टी आतल्या बाजूला ओढली गेली. "जोपर्यंत ही पट्टी आत झुकते तोपर्यंतच काम करायचं, पप्पा. दिवसभरात टोल्यूइन लागतं ते चहाच्या अर्ध्या कपाहून कमी. त्या दिवशी बाटली बदलताना कोटावर सांडलं होतं आणि मी तोच कोट पिशवीत घालून आणला. चूक माझी."

दादांनी ती पट्टी तिच्या हातातून घेतली. हात कापत होता, त्यामुळे पट्टीही कापत होती. तरी ती आतच झुकत होती. बराच वेळ ते तसेच उभे होते. मग म्हणाले,

"अर्ध्या कपाला एवढं मोठं कपाट. आमच्याकडे रोज डबे रिकामे व्हायचे."

आम्हाला काय उत्तर सुचणार? दादांच्या नोकरीच्या काळात १९४८ चा कारखाने अधिनियम लागू होता. कारखान्यातली धूळ आणि वाफ कामगाराच्या नाकात जाऊ नये, तिचा उगमापाशीच बंदोबस्त करावा, असे त्याच्या कलम १४ मध्ये स्पष्ट लिहिलेले होते. ते कलम आम्ही इतरांच्या अर्जांत कितीदा लिहिले असेल. सख्ख्या भावाच्या शेडमध्ये पंखा आहे का, हे मात्र तेवीस वर्षांत एकदाही जाऊन पाहिले नाही. पगार वेळेवर येतो ना, एवढेच विचारत राहिलो. ही आमची चूक आम्ही येथे कबूल करतो.

म्हणून वाचकांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. आपल्यापैकी कितीतरी घरांत पेंटर, पॉलिशवाले, चिकटवण्याचे काम करणारे आहेत. नाकावरचा रुमाल धूळ थोडीफार अडवतो, थिनरची वाफ अजिबात अडवत नाही. त्यासाठी कोळशाच्या डब्या लावलेला मास्क लागतो आणि त्या डब्या वेळोवेळी बदलाव्या लागतात. बंद खोलीत काम करू नका; वाफ बाहेर ओढणारा पंखा मागा, तोंडी नको, लेखी मागा. डोके जड होणे, गरगरणे, हातापायाला मुंग्या येणे, हे थकव्याचे म्हणून सोडून देऊ नका. तारखेसह लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.

दुसरी गोष्ट, शिकणाऱ्या पोराला "काय करतोस" हे बसून विचारा. अर्धे कळणार नाही. पण कदाचित तुमच्या धंद्यातली एखादी गोष्ट त्याच्या वहीतला रिकामा रकाना भरून काढील.

पोरीने प्रबंध सादर केला. त्यात नमुन्यांच्या चित्रांमागे एक मोठा तक्ता आहे, फसलेल्या सगळ्या नोंदींसह. आभाराच्या पानावर वडिलांचा उल्लेख तिने त्यांच्या हुद्द्यासकट केला आहे, स्प्रे पेंटर म्हणून. दादांना ते पान आम्ही वाचून दाखवले. त्यांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचायला लावले, कारण आदल्या दिवशीचे विसरले होते. आम्ही पुन्हा वाचले.

आता पोरगी दर रविवारी फोन करते. दादा बाकी काही विचारोत न विचारोत, एक गोष्ट विसरत नाहीत.

"कपाटाचा पंखा चालू असतो ना गं? पट्टी लावून बघतेस ना?"